सात पट्ट्यांचे पाटे

"पहले ये बताओ बीबीजी, माल ढोना है या सवारी?" गुरबचनसिंगांनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि सुहासिनीबाईंनी दुसऱ्यांदा हातातला कागद पुढे केला.

कागद मराठीत होता. चंदीगडच्या कडेला मनीमाजऱ्यात, गाड्यांचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, विकणाऱ्या दुकानात तो वाचणार कोण? म्हाताऱ्या सरदारजींनी तो अदबीनं हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. मग बाईंनीच तो वाचून, जमेल तसा हिंदीत सांगितला. मागच्या दोन्ही बाजूंना दहा पट्ट्या. पुढे आठ. सांध्यातले बुश रबरी. जुने पाटे परत आणणे.

अक्षर दिगंबररावांचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं होतं. गेल्या ऑगस्टात पाटा तुटला त्याच संध्याकाळी त्यांनी ते टिपण केलं, आणि नऊ दिवसांनी पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली. उजव्या हाताबरोबर वाचाही गेली. त्यानंतर त्यांनी लिहिलेलं असं काही घरात नव्हतं, म्हणून हा कागद बाईंनी सात महिने डाळीच्या डब्याखाली जपला होता.

"दस पत्ते?" गुरबचनसिंग म्हणाले. "दस तो जी वो लगवाते हैं जो पहाड़ पे राशन चढ़ाते हैं. खाली गड्डी में दस लगा दूँ तो हड्डियाँ गिन लोगे घर पहुँचते-पहुँचते. चलाता कौन है?"

"साहब," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून गेलंच.

"तो साहब को भेज दो. दो मिनट की बात है."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, हे त्यांना कळत होतं. पण सात महिन्यांत बँकेत, कचेरीत, रेशनच्या रांगेत तीच कथा इतक्यांदा सांगून झाली होती, की आता ती दुसऱ्याच कुणाच्या घरातली वाटायची. शेवटी त्यांनी सांगितली. गॅस संपला म्हणून सांगावं, तशा आवाजात सांगितली.

गुरबचनसिंगांनी हळहळ दाखवली नाही, ते बरं झालं. ओढून आणून जॅकवर चढवलेल्या जीपखाली ते उकिडवे बसले, आणि त्यांनी बाईंनाही खाली वाकून बघायला लावलं. मागच्या उजव्या पाट्याची सगळ्यात वरची, लांब पट्टी मधोमध तुटली होती. बाकीच्यांचा वाक गेला होता. त्या फुटपट्टीसारख्या सरळ झाल्या होत्या. यांना भट्टीत घालून पुन्हा वाक देता येईल, ते म्हणाले, पण जुनं लोखंड, सहा महिने धरेल. नवेच घाला. कडक हवेत तर दहा पट्ट्यांचे, ओझ्याचे, चढणीचे. मऊ हवेत तर सात पट्ट्यांचे.

"मरीज बैठेगा तो सात. साहब चलाएँगे, पहाड़ जाएँगे, तो दस. सोच के बता देना. गड्डी यहीं रहने दो."

सोचायचं काय होतं त्यात? तरी परतीच्या बसमध्ये बाई सोचतच होत्या.

ही जीप म्हणजे बाईंच्या मते 'घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं' अशातली गत होती. दिगंबरराव भूजल खात्यात. पोटापाण्यासाठी सांगली सोडलेली, बदल्यांवर बदल्या, आणि चंदीगडला आल्यावर शहाऐंशी साली गृहस्थांनी लष्कराच्या लिलावातून ही जुनी, हिरवी जीप उचलून आणली. पुढे कॉलनीत घरोघरी हप्त्यांवर छोट्या गाड्या आल्या. त्यांच्या बोनेटवर लोक पाणी मारत असत तेव्हा दिगंबरराव जीपखाली पाय बाहेर काढून झोपलेले असत. 'मऊ पाट्याची गाडी म्हणजे पाळणा,' असं ते म्हणत. निवृत्त झाल्यावर दोन महिने हिमाचलच्या डोंगरांत, स्पितीला जायचं, तंबू घेऊन, हे ठरलेलं होतं. बाईंना तंबूत झोपायची काडीची हौस नव्हती. पण नवऱ्याला नाही कशाला म्हणा, म्हणून त्या गालातल्या गालात हसून सोडून देत.

आता अडचण एवढीच होती, की आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी सेक्टर बत्तीसच्या इस्पितळात जावं लागे, आणि रिक्षात चढता-उतरताना दिगंबररावांचे हाल होत. रिक्षा आदळली की ते डोळे मिटत. आवाज करत नसत.

घरी लेक आली होती. अपूर्वा मोहालीला, सेक्टर सदुसष्टच्या औषधसंस्थेत संशोधन करत होती आणि शनिवारी घरी यायची.

"मम्मी, बेच दो ना यार," स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती हळूच म्हणाली. "छोटी कार ले लेते हैं. कौन रखता है अब ऐसी जीप?"

"एवढे पैसे आहेत का आपल्याकडे? आणि छोट्या गाडीत वाकून बसवेल का त्यांना? जीपमध्ये निदान ताठ बसता येतं."

"तो फिर सॉफ्ट वाले लगवा दो. इसमें प्रॉब्लम क्या है?"

"सात पट्ट्या घातल्या की संपलं गं. म्हणजे हे पुन्हा चालवणार नाहीत, असं मीच ठरवल्यासारखं झालं. डॉक्टरसुद्धा अजून तसं तोंडावर बोललेले नाहीत."

अपूर्वानं बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. "पापा से पूछा?"

"त्यांना काय विचारायचं?" बाई म्हणून गेल्या, आणि हातातली पळी कढईत तशीच राहिली. सात महिन्यांत त्यांनी नवऱ्याला काहीच विचारलं नव्हतं. वरण हवं की आमटी, हेसुद्धा नाही. मान हलवून सांगता येतं त्यांना, कळतं सगळं. तरी नाही विचारलं. आणि याचंही फार वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळलं. आत जणू कुणी भूल देऊन ठेवली होती. रडूही आलं नव्हतं त्यांना अजून. त्याचं त्यांनाच अधूनमधून नवल वाटे.

बाहेरच्या खोलीत दिगंबरराव खिडकीशी बसले होते. बाई गेल्या, शेजारी उभ्या राहिल्या, 'अहो' म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलं. बाईंनी त्यांची शाल सारखी केली आणि परत आल्या.

सोमवारी त्यांनी बाजारातल्या फोनच्या बूथवरून दुकानात कळवलं. सात.

गुरुवारी पाटे बसले. पण गुरबचनसिंगांची एक रीत होती. पाटे चढवले की शेवटचे नट ते गाडी हवेत असताना आवळत नसत. चाकं जमिनीवर टेकवायची, रोज बसणारी माणसं गाडीत बसवायची, आणि मग त्या वजनावर नट आवळायचे. नाहीतर बुश पिळवटतं, म्हणत.

"उनकी जगह बोरी रख दीजिए," बाई फोनवर म्हणाल्या. "पैंसठ किलो की."

"बोरी तो रख दूँगा बीबीजी," म्हातारा म्हणाला. "पर साहब हैं तो बोरी क्यों?"

म्हणून शनिवारी दुपारी टॅक्सी करून तिघं मनीमाजऱ्याला गेली. दिगंबररावांना बाईंनी इतकंच सांगितलं होतं, की जीप दुरुस्त झालीय. कितीचे पाटे, ते सांगितलं नव्हतं. आणखी एक गोष्ट सांगितली नव्हती. गेले पंधरा दिवस सेक्टर सतराच्या बँकेत जाते म्हणून त्या सकाळी बाहेर पडत, त्या खरं तर मोटार शिकवणाऱ्या शाळेत जात होत्या.

"आओ जी, आओ," गुरबचनसिंग उठले. "बैठ जाओ सब अपनी-अपनी जगह. मैं नट कस दूँ."

अपनी जगह. बारा वर्षं या गाडीत दिगंबररावांची जागा एकच होती, स्टिअरिंगमागची. अपूर्वानं आईकडे पाहिलं. आईनं जमिनीकडे. 'अहो, डावीकडून चढा,' एवढं म्हटलं की झालं असतं. ते तीन शब्द बाईंनी म्हटलेच नाहीत.

दिगंबरराव काठी टेकत जीपच्या मागे गेले. वाकायला त्यांना वेळ लागला. अपूर्वा धरायला पुढे झाली तर त्यांनी कोपरानं तिला दूर केलं. नव्या काळ्या पाट्याकडे पाहताना त्यांचे ओठ हलत होते. सातावर थांबले. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथल्याही मोजल्या.

सरळ होऊन त्यांनी बायकोकडे पाहिलं. बाईंची मान वर होईना. ते रागावले असते, काठी आपटली असती, तर बाईंना बरं वाटलं असतं.

दिगंबररावांनी काठी उचलली. आधी बाईंकडे रोखली, मग स्टिअरिंगकडे. पुन्हा बाईंकडे, पुन्हा स्टिअरिंगकडे. त्यांना माहीत होतं. खिडकीशी बसून काय नुसती झाडं बघत होते ते? खोलीत बसून बटाटे सोलताना बाईंचा डावा पाय फरशीवर क्लच दाबत असे आणि हातातली सुरी गिअरसारखी मागेपुढे होत असे. पंधरा दिवस ते समोरच तर बसलेले होते.

ते डावीकडच्या बाजूला गेले. पायरीवर निकामी पाय हातानं उचलून ठेवला. तो दोनदा घसरला. गुरबचनसिंग पाना हातात धरून दुसरीकडेच बघत राहिले, अपूर्वानं ओठ दाबून धरले. तिसऱ्या खेपेला दिगंबरराव चढले, बसले, आणि उजवा हात डाव्या हातानं उचलून त्यांनी मांडीवर ठेवला.

बाई पदर खोचून पलीकडून, स्टिअरिंगमागे चढल्या. सीट त्यांना मागे पडत होती. पाय जेमतेम पोचले. जीप दोन बोटं खाली बसली.

गुरबचनसिंग गाडीखाली सरकले. खालून पान्याचा आवाज येऊ लागला. "बस जी, ऐसे ही," ते म्हणाले. "हिलना नहीं."

दोघंही हलले नाहीत. समोरच्या विटांच्या भिंतीकडे बघत बसून राहिले.