चावलेला मणी

आमच्या घरात माझ्या शब्दावर दुसरा शब्द पडत नाही, असे गावात म्हणतात. ते खरे आहे आणि त्याचा मला संकोच नाही. छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले, त्यांतली बारा मुख्याध्यापिका म्हणून. निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली, तरी राहुरीच्या बाजारात पन्नाशीचे पुरुष मला पाहिले की तंबाखूची पुडी खिशात सारतात. अशा बाईच्या चहाच्या कपाशेजारी तिच्या सुनेने भल्या सकाळी खोटी बोरमाळ आणून ठेवली, हे धाडसच म्हटले पाहिजे.

"हे काय?" मी विचारले.

"बोरमाळ. एक ग्रॅमची," स्नेहल म्हणाली. "तुमच्या माळेचा फोटो दाखवून करून घेतली. प्रवासापुरती घाला, आई."

मी ती हातात घेतली. एकवीस मणी, तांबडा गोंडा, रंगही जवळजवळ तोच. काम चांगले होते, हे मला मान्य करावे लागले आणि त्यामुळे राग थोडा वाढलाच.

आम्ही निघालो होतो माझ्या थोरल्या बहिणीला भेटायला. छबूबाई तिचे नाव. मी तिला जिजी म्हणते. ती अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे भंडारदऱ्याच्या वाटेवर राहते. चार वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली आणि यंदा दिवाळीपासून आठवणही सैल होत चालली. "मावशी, एकदा येऊन जा," असा तिच्या सुनेचा, माधुरीचा, फोन आला होता. माझा मुलगा आदिनाथ गाडीने नेणार होता. पण नेमकी त्याच दिवशी आमच्या उसाला तोड आली, आणि दारात आलेली टोळी परत पाठवता येत नाही. म्हणून एसटी. पंचाहत्तरी ओलांडल्यापासून एसटी मला फुकट नेते. त्यामुळे कंडक्टरने आधारकार्ड मागितले की मी ते जरा दिमाखातच काढते.

या भेटीत बोरमाळेचे काय काम, ते सांगते. आमच्या आईच्या गळ्यात बेचाळीस मण्यांची बोरमाळ होती. वरून सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. मी दोन वर्षांची असताना आई दिवसभर खुरपायला गेली होती. आठ वर्षांची जिजी मला कडेवर घेऊन वागवत होती. संध्याकाळी आईने मला उचलून घेतले, तेव्हा भुकेने आणि रागाने मी तिच्या गळ्यातल्या एका मण्याला कडकडून चावले. मण्याला खोक पडली ती कायमची. पुढे माझ्या लग्नात आईने माळ उसवून दोघींना एकवीस-एकवीस मणी वाटून दिले, तेव्हा जिजी म्हणाली, "चावलेला मनी बनूला द्या. दात तिचं हायती." जिजीची अर्धी माळ कधीच तिच्या नातीच्या लग्नात नातीच्या गळ्यात गेली. माझी मात्र माझ्याच गळ्यात राहिली. स्नेहलला आमच्या घरात येऊन सोळा वर्षे झाली. पण घरातली मानाची वस्तू सासूने स्वतःच्या हाताने बांधल्याशिवाय सुनेच्या गळ्यात जात नाही, आणि मी ती बांधली नव्हती. कधी बांधणार, हे मला विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

तर मी जिजीकडे गेले की पाण्याच्या तांब्याआधी तिचा हात माझ्या गळ्याशी येतो. ती मणी चाचपत जाते, खोक सापडली की तिथे अंगठ्याचे नख टेकवते आणि म्हणते, "आली गं चावरी." मग आमची भेट सुरू होते. डोळे होते तेव्हाही हेच होते.

"मी आजवर खोटे अंगाला लावलेले नाही," मी स्नेहलला म्हटले. "आणि जिजी? तिला मणी कुठून दाखवू?"

स्नेहलने कपाकडे पाहिले. "आवाजावरून ओळखतील की. तुमचा आवाज कोण विसरेल?"

ही स्तुती होती. मी ती घेतली. माझ्या आवाजाने अख्खे मैदान गप्प होत असे. सख्ख्या बहिणीला तो ओळखू येणार नाही, ही शंकाही मला शिवली नाही.

"तरीही नको," मी म्हटले.

तेव्हा ती माझ्यासमोर बसली. "आई, मागच्या वर्षी माझी आई एसटीत चढत होती आणि मागून कुणीतरी गंठण ओढलं. गंठणाचं काही नाही. ती पायरीवरून पडली. खुबा मोडला. अजून वॉकर धरून चालते. तिचा गळा मी पुसलाय हो, दोऱ्यानं कापलेला. तुमचा पुसायला लावू नका मला."

तिचे डोळे कोरडे होते.  मी माझी माळ काढली, पितळी डब्यात ठेवली, डबा आणि कपाटाची किल्ली तिच्या हाती दिली आणि जन्मात पहिल्यांदा खोटा दागिना गळ्यात अडकवला.

माघाची थंडी होती. स्नेहलने बंद गळ्याचा पंजाबी ड्रेस घातला होता आणि वर लोकरीचा स्कार्फ गुंडाळला होता. गाडी लोणी गावाला पोहोचेपर्यंत ऊन चांगले तापले, तरी स्कार्फ निघेना.

"घाम फुटलाय तुला. काढ तो," मी म्हटले.

"गार वाटतंय, आई."

संगमनेरला गाडी बदलताना ती माझ्या मागे भिंतीसारखी उभी राहिली. तिचा एक हात माझ्या पाठीवर होता आणि दुसरा स्वतःच्या स्कार्फवर. मला वाटले, भित्री आहे बिचारी.

अकोल्याच्या गाडीत शेजारी एक ठसठशीत बाई बसली. मांडीवर कोथिंबिरीची पेंढी, तोंडात पान. तिने माझ्या गळ्याकडे मनसोक्त पाहून घेतले.

"आजी, माळ लई झ्याक हाय. खरी हाय का बेन्टेक्सची?"

मी खिडकीबाहेर पाहिले. खरी म्हणणे मला शक्य नव्हते आणि खोटी म्हणायला जीभ रेटेना. बाईच पुढे म्हणाली, "खरीच आसंल. तुमच्याकडं बघून कळतंय की!" त्या शब्दांनी माझी मान ताठ झाली आणि आतून लाजही वाटली.

राजूरहून जीपने पुढे गेलो. जिजी अंगणात उन्हाला खाटेवर बसून शेंगा फोडत होती. बोटे अजून चलाख होती. दाणे एकीकडे, टरफले दुसरीकडे.

"आत्याबाई, बघा कोण आलंय! बनुमावशी आल्यात," माधुरी तिच्या कानाशी म्हणाली.

"कोन बनू?"

"जिजी, मी," मी म्हटले. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा माझा आवाज. "मी बनू."

जिजी हसली, परक्या माणसाच्या चुकीला हसावे तशी. "बनू साळंत गेलीया. साळा सुटली की यील."

मी खाटेवर तिच्याजवळ बसले. तिचा हात उचलून माझ्या गळ्याशी नेला. खोटी माळ आहे हे मला ठाऊक होते, तरी नेला. दुसरे काय करणार होते? तिची बोटे ओळखीच्या वाटेने निघाली. एकेक मणी तिने दोन बोटांत धरला, फिरवला, सोडला. एकवीसही झाले. पुन्हा पहिल्यापासून फिरली. दुसऱ्या फेरीला तिचा अंगठा संथ झाला.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्यात न्हाई."

आणि हात मागे घेऊन, पदर सारखा करून, रीतीला धरून तिने मला विचारले, "बाई, पानी घ्या. कुन्या गावच्या तुमी?"

जिने मला कडेवर वागवले, तिने मला 'तुमी' म्हटले. मी पुष्कळ मरणे पाहिली आहेत. नवऱ्याच्या वेळीही चारचौघांत डोळ्याला पदर लावला नव्हता. त्या अंगणात मात्र मला समोरच्या शेंगा दिसेनाशा झाल्या.

"आई, रागवा, पण नंतर," मागून स्नेहलचा आवाज आला.

ती स्कार्फ सोडत होती. स्कार्फ निघाला, गळ्याचे बटण निघाले, आणि आत, घामाने कातडीला चिकटलेली, माझी बोरमाळ होती. ती गोंड्याची गाठ सोडू पाहत होती, पण गाठ घामाने आवळली होती.

"राहू दे," मी म्हटले. "तशीच बस तिच्याजवळ."

स्नेहलने गळा पुढे केला. जिजीची बोटे निघाली आणि पाचव्या मण्यावर थांबली. अंगठ्याचे नख खोकेत बसले. तिच्या सगळ्या सुरकुत्या एकदम हलल्या.

"आली गं चावरी!" तिने स्नेहलच्या गालावर चापट मारली. "किती वाळलीस! डबा खात न्हाईस व्हय?"

स्नेहलने माझ्याकडे पाहिले. तिचा हात पुन्हा गाठीकडे गेला. खरे सांगते, त्या क्षणी ती माळ तिच्या गळ्यातून ओढून घ्यावी असे मला वाटले. ती हाक माझी होती, ती चापटही माझी होती. पण जिजीचे नख त्या मण्यावर होते, आणि ते उचलले तर पुन्हा तिथे पोहोचेल की नाही, कोण सांगणार?

मी उठले, खाटेच्या मागे गेले, स्नेहलच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि तिच्या कानाशेजारून बोलले, मैदानातला आवाज सोडून.

"खाते गं जिजी. सगळी भाकरी खाते."

"आन गूळ?"

"गूळ वाटेतच संपतो."

जिजी खुदकन हसली. "आईला सांगू नगंस, म्या दिला म्हनून. बरं, एकोनतीसचा म्हन."

ती कधी शाळेत गेली नाही. मला शाळेत पाठवा म्हणून आईशी भांडली ती, आणि संध्याकाळी जात्यावर बसली की माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायची तीच. मी म्हणू लागले. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी." प्रत्येक ओळीला तिची मान हलत होती, जात्याच्या फेऱ्यासारखी. दहापर्यंत पोहोचले तेव्हा तिचा दुसरा हात स्नेहलच्या खांद्यावरून चाचपत मागे आला आणि माझ्या तोंडावर थांबला. ओठांवर, मग गालांवर, मग पांढऱ्या केसांवर.

"बने," ती हळूच म्हणाली, "म्हातारी झालीस की गं."

"तूही," मी म्हटले.

पाव तास ती माझी होती. आंब्याचे, आईचे, माझ्या लग्नातल्या पावसाचे बोलली. मग थकली, आणि शेंगा फोडता फोडता पुन्हा मला 'तुमी' म्हणू लागली. त्याचे आता तेवढे वाटले नाही.

ती झोपल्यावर मी स्नेहलला पडवीत बोलावले.

"तुला आधीच ठाऊक होते."

"माधुरीताई फोनवर बोलल्या होत्या, आवाज ओळखत नाहीत म्हणून. तुम्हाला सांगवेना."

"माळ पिशवीत ठेवायची होतीस."

"पिशवी कापली तर कळत नाही, आई. गळ्याशी हात आला तर कळतं."

"आणि तुझा गळा कापला असता म्हणजे? तुझ्या आईचे पाहूनही?"

 संगमनेरच्या गर्दीत स्कार्फवर ठेवलेला तिचा हात मला आठवला. माझ्यासाठी खोटी माळ आणि स्वतःच्या गळ्यात ती भीती. अशी वाटणी तिने केली होती, आणि मी तिला भित्री समजले होते.

"मला न विचारता ही माळ गळ्यात घातलीस," मी म्हटले.

"चुकले."

"चुकलीसच. मान खाली कर."

तिला वाटले, मी माळ काढून घेणार. निमूटपणे तिने मान वाकवली. ती आवळलेली गाठ मी दातांनी सोडवली. माझे दात अजून माझेच आहेत. माळ पदराने पुसली, त्याच गळ्यात परत घातली आणि माझ्या हाताने नवी गाठ बांधली.

"आता बांधली आहे," मी म्हटले.

स्नेहल सकाळपासून रडली नव्हती, ती आता रडली. मी तिला थोडा वेळ रडू दिले, मग गाडीची वेळ सांगितली.

परतीच्या एसटीत पुन्हा एका प्रवासिनीचे लक्ष माझ्या गळ्याकडे गेले. "आजी, एवढं सोनं घालून फिरता? भ्या न्हाई वाटत?"

"खोटी आहे, बाई," मी म्हटले, आणि त्यासाठी मैदानातला आवाज काढला. कंडक्टरसकट सारी गाडी वळून पाहू लागली. "पुरती खोटी आहे. एक ग्रॅमची. सुनेने करून दिली!"

लोक हसले. सगळ्यांच्या नजरा माझ्या गळ्यावर होत्या; खिडकीशी स्कार्फ गुंडाळून बसलेल्या मुलीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. संगमनेर यायच्या आत तिला झोप लागली. स्कार्फवरचा तिचा हात सैल होऊन मांडीवर घसरला, तेव्हा मी माझा तिथे ठेवला.