मनाउसचा पाऊस

“पाऊस सांग,” फोनवर साहेब म्हणाला. “मनाउसला धो धो पडतोय, विमान अडकलंय. बाकी काही बोलत बसू नकोस.”

आदेलिनोने काउंटरच्या काचेतून बाहेर पाहिलं. ब्राझीलमधल्या तेफे या नदीकाठच्या गावच्या धावपट्टीवर ऊन रणरणत होतं. मनाउसलाही ऊनच होतं, कारण तिथल्या सामानाच्या विभागातल्या मित्राशी त्याचं नुकतंच बोलणं झालं होतं. वैमानिकांच्या कामाचे तास भरले होते आणि बदली माणूस मिळत नव्हता. विमान आज येणारच नव्हतं. पण पाऊस म्हटला की दोष आभाळाचा होतो. वैमानिक नाही म्हटलं की कंपनीचा होतो आणि मग लोक भरपाईसाठी कोर्टात जातात. हल्ली तर ज्याच्या त्याच्या ओळखीत एक वकील असतोच.

रद्द झालं असंही एवढ्यात सांगायचं नव्हतं. सगळे एकदम अंगावर येतील, म्हणून वाट पाहा म्हणायचं होतं.

आदेलिनोला हे नवीन नव्हतं. याच काउंटरवर त्याचे केस पांढरे झाले होते आणि असे कितीतरी पाऊस त्याने पाडले होते. लोक कुरकुरायचे, पत्ते कुटायचे, संध्याकाळी घरी जायचे. त्यापायी त्याची झोप कधी उडाली नव्हती.

त्या दिवशी रांगेत पहिल्या होत्या दोना ओस्मारिना, म्हणजे ओस्मारिनाबाई. बाजारात मांडिओकाच्या कंदाचं पीठ विकणाऱ्या, गावात सगळ्यांच्या ओळखीच्या. त्यांचे यजमान वाल्देमिरो यांना आदल्या संध्याकाळी छातीत दुखायला लागलं आणि सरकारी दवाखान्याच्या विमानाने मनाउसला नेलं. त्या विमानात नातेवाइकाला जागा नव्हती. म्हातारा एकटाच गेला.

“विमान येईल ना, सेऊ आदेलिनो?” त्यांनी अदबीने विचारलं. “नाहीतर मी लाँचने जाते. लाँच अजून धक्क्यावर आहे.”

ती जलद लाँच. सकाळी सुटली की त्याच रात्री मनाउसला टेकते.

“थांबा, दोना ओस्मारिना,” आदेलिनो म्हणाला. “तिकडे पाऊस आहे. ओसरला की येईल.”

त्याने त्यांना पंख्याखाली खुर्ची दिली. स्वतः जाऊन कॉफी आणून दिली. त्या बसल्या. थोड्या वेळाने नदीकडून लाँचचा भोंगा ऐकू आला, तेव्हा त्यांनी मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. तो कागद चाळायला लागला.

संध्याकाळी विमान रद्द झाल्याचं सांगितलं. पहाटे वाल्देमिरो गेले. म्हातारी आली का, म्हातारी आली का, असं ते विचारत होते म्हणे. दोना ओस्मारिना दुसऱ्या दिवशीच्या विमानाने पोचल्या त्या मातीला. एवढ्या लांब परत आणणं झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून यजमानांना तिथेच पुरलं.

त्यानंतर आदेलिनो बाजारात जायचा तो मासळीच्या गल्लीतून वळसा घालून, पिठाची ओळ टाळून. बायकोने, नेइदेने, पीठ आणायला सांगितलं तर विसरलो म्हणायचा. एकदा तो वळणार एवढ्यात दोना ओस्मारिनांनीच हाक मारली. त्यांनी पिवळं, जाडसर, चांगलं भाजलेलं पीठ पिशवीत भरलं आणि त्याच्या हातात कोंबलं. तो खिशात हात घालू लागला तर त्या रागावल्या. त्या दिवशी सगळे आपापल्या तक्रारी करत होते, पण म्हातारीला कॉफी तुम्हीच आणून दिलीत, म्हणाल्या.

“आणि पावसापुढे कुणाचं चालतं का?” असं म्हणून त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

ते पीठ त्याने घरी नेलं. नेइदेने मासा तळला आणि भाजलेलं पीठ तसंच कोरडं शेजारी वाढलं. भूक नाही असं सांगून आदेलिनो उठला.

कंपनीवर खटला घातला तो दोना ओस्मारिनांच्या मुलाने, जोसिमारने. तो मोटरसायकलवरून सवाऱ्या न्यायचा. एका सवारीच्या बोलण्यातून निघालं, की तो माणूस त्याच दिवशी मनाउसला होता आणि तिथे ढगाचं नावसुद्धा नव्हतं. आईला कोर्ट नको होतं. बाप गेल्यावर त्याच्या नावाने पैसे कशाला मागायचे, असं तिचं म्हणणं. पण पोराने ऐकलं नाही.

कंपनीने साक्षीला आदेलिनोचं नाव दिलं. साहेबाने फोन करून बजावलं, की तेव्हा सांगितलंस तेच आता सांगायचं, जास्त डोकं चालवायचं नाही.

घरी त्याने नेइदेपुढे सगळं काढलं. ती भांडी घासत होती.

“खरं बोललास म्हणून मेलेला माणूस उठून येणार आहे का?” तिने विचारलं. “आणि त्या बाईला पाऊस होता असं वाटतंय, तर वाटू दे की. तेवढीच शांती. तुझी नोकरी गेली तर या वयात तुला कोण ठेवून घेणार?”

तिचं काही चूक नव्हतं. तेच तर अवघड होतं. खोटं बोललं तर बाईचा हक्क बुडणार, खरं बोललं तर तिची शांती.

कोर्टाची खोली लहान होती. कंपनीचा वकील साओ पाउलोत बसून पडद्यावर दिसत होता, तरुण, चुरचुरीत बोलणारा. हवामान कुणाच्या हातात नसतं, हे त्याने तीन तऱ्हांनी सांगितलं. मग न्यायाधीशबाईंनी दोना ओस्मारिनांना विचारलं. त्या उभ्या राहिल्या, आणि पोरगा डोळे वटारत असतानाही म्हणाल्या, की आमच्याशी कुणी वाईट वागलं नाही. पाऊस होता. हे गृहस्थ समोर बसलेत, यांनीच मला सांगितलं, आणि हे खोटं बोलणारे नव्हेत.

आदेलिनोच्या कानशिलात कुणीतरी मारावी तसं झालं.

न्यायाधीशबाई त्याच्याकडे वळल्या. “त्या दिवशी मनाउसला पाऊस होता का?”

“नव्हता,” तो म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की त्याला परत बोलावं लागलं. “पाऊस नव्हता, बाई. वैमानिक नव्हते. विमान येणार नाही हे मला सकाळीच माहीत होतं.”

पडद्यावरचा वकील काहीतरी बोलू लागला. न्यायाधीशबाईंनी हात वर केला. जोसिमार खुर्चीतून अर्धा उठला होता. दोना ओस्मारिना मात्र उभ्या होत्या तशाच राहिल्या, मांडलेला हिशेब चुकला की बाजारात जशा थबकायच्या तशा.

बाहेर व्हरांड्यात त्या त्याच्यापाशी आल्या. पोराला त्यांनी लांब थांबवलं.

“लाँच मिळाली असती मला,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

त्या ओरडल्या असत्या, शाप दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण त्या दाराच्या चौकटीला हात टेकून नुसत्या उभ्या होत्या.

“मी रोज झोपताना त्यांना सांगते,” त्या म्हणाल्या, “की अहो, पाऊस होता म्हणून राहिले. आता काय सांगू?”

त्या पायऱ्या उतरून गेल्या.

निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि कंपनीने भरपाई मुकाट्याने दिली. आदेलिनोला काही दिवसांनी काढलं. कारण कपातीचं दिलं. नेइदे आठवडाभर बोलली नाही आणि मग एका सकाळी तिने त्याचा सदरा इस्त्री करून खाटेवर ठेवला, म्हणाली, धक्क्यावर माझ्या भावाला माणूस हवाय.

तेव्हापासून तो धक्क्यावर रंगीत छत्रीखाली टेबल टाकून बोटींची तिकिटं विकतो. ओरडून गिऱ्हाईक बोलवायला त्याला जमत नाही. शेजारचे दोघं त्याची टर उडवतात, ‘विमानवाले साहेब’ म्हणतात.

ऑक्टोबरच्या शेवटी नदी फार उतरली होती. पाण्यातून वाळूचे पट्टे वर आले होते. त्या दिवसांत दोना ओस्मारिना धक्क्यावर आल्या. त्या आधी शेजारच्या टेबलापाशी थांबल्या. तिथला माणूस म्हणाला, आई, डोळे मिटून बसा, वेळेवर पोचवतो. त्या पुढे झाल्या आणि आदेलिनोसमोर येऊन उभ्या राहिल्या. तो उठला.

दोन नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसासाठी त्यांना मनाउसला जायचं होतं, कबरीवर मेणबत्त्या लावायला.

“त्या दिवसाआधी पोचेल का?” त्यांनी विचारलं.

आदेलिनोने नदीकडे पाहिलं. “सांगता येत नाही, दोना ओस्मारिना. पाणी कमी आहे. वाळूत रुतली तर एखादा दिवस जाईल. मी पोचेल म्हणणार नाही.”

त्यांनी पिशवीतून पैसे काढून टेबलावर मोजले.

“द्या एक,” त्या म्हणाल्या.

तिकीट घेऊन त्यांनी ते छातीशी, झग्यात खोचलं. मग हातातलं कागदी पुडकं टेबलावर ठेवलं. बोटीत निजायचा झोपाळा टांगायला दोरी आणायची राहिली होती, ती आणते म्हणाल्या. “मेणबत्त्या आहेत. उन्हात वितळतील. जरा लक्ष ठेवा.”

त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या. दुपार चढत होती आणि छत्रीची सावली टेबलावरून सरकत चालली होती. आदेलिनोने छत्रीचा दांडा उपसला आणि पुडक्यावर सावली येईल असा पुन्हा रोवला. स्वतः तो उन्हात बसून राहिला.