बिनक्लचची मोटार

धाराशिवकडच्या वाशीत कीर्तन असलं की तेलघाण्याचे सिद्रामप्पा पहिल्या रांगेत बसत, पण नजर महाराजांकडं नसे. मृदंगावरच्या बोटांकडं असे. महाराज संथ चालीतून द्रुत चालीत कधी शिरतील, नेम नसतो. कुणी कुणाला खूण करत नाही. तरी सूर वर चढायच्या आत मृदंग तिथं जाऊन उभा असतो. ती जागा आली की अप्पांची मान डोले आणि डोळे भरून येत. माणूसच मऊ. घाण्याच्या बैलालासुद्धा ‘दमलास का रे’ म्हणून विचारणारा.

गावोगावचे कीर्तनकार येडशीच्या स्टेशनावर उतरायचे आणि पुढं बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायचे. अप्पांना ते बघवेना. हैदराबादेतला एक जहागीरदार विलीनीकरणानंतर घरातलं एकेक काढत होता. त्याची निळी, हत्तीएवढी अमेरिकन मोटार अप्पांनी विकत आणली. आणल्यावर कळलं, हिला क्लचच नाही. पायात दोनच पायडलं, एक चालायचं आणि एक थांबायचं. गिअर खालच्या पेटीत आपले आपण बदलतात.

पुतण्या बसवराजनं मोठ्या ऐटीत चालवायला घेतली. त्याचा डावा पाय सवयीनं क्लच शोधत गेला आणि ब्रेकवर आदळला. मागं बसलेल्या त्याच्या काकूंचं, गिरिजाबाईंचं, कपाळ पुढच्या सीटवर.

“उतरवा मला,” त्या म्हणाल्या. “ह्याच्यापरीस आपला बैल शाना हाय.”

तेव्हा कुणीतरी ईट गावच्या लालमहंमदचं नाव सुचवलं. निजामाच्या राज्यात बस चालवलेला माणूस. पुढं लॉरी उलटली, डावा गुडघा ताठ झाला. क्लच दाबता येईना, म्हणून ड्रायव्हरकी सुटली ती सुटलीच. भावाच्या ज्वारीत पाखरं हाकत बसायचा. त्यानं येऊन गाडीभोवती एक चक्कर मारली, आत वाकून बघितलं, आणि चेहरा असा उजळला की बस्स.

“अप्पा, ह्या गाडीला एकच पाय लागतो. मला बी एकच हाय. जोडी जमली बघा!”

पहिल्याच दिवशी अप्पा त्याच्या शेजारी बसले. गाडी वेग घेऊ लागली, इंजिनाचा आवाज चढत चढत गेला आणि एका क्षणी, कुणी काही न करता, खाली उतरून शांत झाला. गाडी मात्र तशीच पुढं.

“काय केलंस रे?”

“म्या काय बी न्हाय केलं. तिनंच ओळखलं.”

अप्पांनी डोळे मिटले. हीच ती जागा होती, मृदंगाची. लालमहंमदचा उजवा पाय पायडलवर असा अलगद असे की बोलताबोलता गिअर कधी बदलला कळूसुद्धा नये. अप्पा घरी येऊन गिरिजाबाईंना म्हणाले, “त्या पेटीत देव बसलाय गं.”

दसरा झाला आणि देव रुसला. पायडल दाबलं की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागची हलायची नाही. हलली तर मध्येच हिसका देऊन बसायची. सरळ रस्त्यावर बार्शीच्या एका व्यापाऱ्याची जीप हात दाखवून पुढं गेली, तेव्हा तर बसवराजला रडू यायचं बाकी राहिलं.

धाराशिवचे बाबामियाँ मिस्त्री येऊन बघून गेले. “दोन रस्ते हाईत अप्पा. ही पेटी ठिवायची तर हिच्या मर्जीनं ऱ्हावं लागंल. न्हायतर लॉरीचा गिअरबॉक्स बसवू, क्लच येईल, कोन बी चालवंल. पन त्यासाठी खालचा पत्रा कापावा लागंल. एकदा कापला की ही पेटी परत बसायची न्हाय. विचार करून सांगा.”

“विचार कसला?” बसवराज म्हणाला. त्यानं बाबामियाँकडून लॉरीचा गिअरबॉक्स आणून अंगणात गोणपाटाखाली झाकूनसुद्धा ठेवला.

लालमहंमद गाडी पुसत होता. क्लच आला की आपण परत पाखरांमागं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो एवढंच म्हणाला, “अप्पा, सप्ताहाला महाराज यायलेत. त्यास्नी एकदा मी घेऊन येतो. मग काय कापायचं ते कापा.” अप्पांना ठरवता येईना. एकीकडं घरची गाडी, एकीकडं ह्या माणसाचे हातपाय. आणि खरं सांगायचं तर पेटीचा मोहही सुटत नव्हता.

पंचाक्षरी महाराज आणि त्यांचे मृदंगवादक कल्याणप्पा येडशीला उतरले. “शरणार्थ!” म्हणून अप्पांनी पाय धरले. गाडी निघाली ती बरी निघाली, पण चढ लागला तशी पेटी घसरायला लागली. इंजिन ओरडतंय, झाडं जागच्या जागी. आणि गाडीत एक वास भरला.

महाराजांनी नाक वर केलं. “अप्पा, ह्या माळावर कुणाच्या घरी भजी तळायलेत हो?”

कल्याणप्पा हसले. अप्पा हसले नाहीत. जन्मभर तेल गाळलेलं ते नाक. हा वास करडईचा होता. नुसत्या करडईचा नाही, त्यांच्याच घाण्याच्या पहिल्या तेलाचा.

त्यांच्या घरची रीत होती. दसऱ्याला घाण्याची पूजा झाली की पहिलं तेल देवाच्या समईत, मग घाण्याच्या लाकडी लाटेला, मग घरात ज्याला ज्याला चाक आहे त्या प्रत्येकाला. बैलगाडीच्या आसाला, विहिरीवरच्या रहाटाला. यंदा मोटार नवी पाहुणी. लालमहंमद ईटला गेला होता. अप्पांनी मोठ्या मायेनं पायाखालची चटई उचलली, पेटीचं तोंड उघडलं आणि आत दोन पळ्या भरून ओतल्या. वर हात जोडले.

“थांबव रे,” अप्पा खोल आवाजात म्हणाले. “लालमहंमद, तिला मीच पाजलं. दसऱ्याचं तेल.”

लालमहंमद वळून बघतच राहिला. “करडईचं? पेटीत?”

“तुला वास आला न्हाय इतके दिवस?”

“रोज येतो की! पर अप्पा, तुमच्या धोतराचा समजलो म्या!”

महाराज असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग धोतराचा काचा मारून पहिले खाली उतरले. “चला कल्याणप्पा. देवाला अपचन झालंय, तेवढा चढ आपण ढकलू.” अप्पा नको नको म्हणत राहिले, महाराजांनी मागून खांदा लावला आणि एक पद धरलं. त्या ठेक्यावर तिघे ढकलत गेले. आत लालमहंमद एकटा, पायडलवर पाऊल फुंकर घातल्यासारखं. गाडी रखडत, वास सोडत, वर आली.

वाशीत पोचल्यावर अप्पांनी धूळही झटकली नाही. अंगणातलं गोणपाट उचललं, बसवराजला म्हणाले, “हे बाबामियाँकडं परत पोच कर. आणि त्यांला सांग, पत्रा कापायचा न्हाय. हैदराबादहून ह्या पेटीचं तेल मागवा.”

“अन् तेल बदलून बी न्हाय चालली तर?”

“तर चालंपत्तुर लालमहंमद अन् मी तिची सेवा करू. चूक माझी हाय. पाय त्याचा का जावा?”

सप्ताह चालू असतानाच डबा आला. बाबामियाँनी जुनं तेल काढलं, नवं भरलं, गाडी फिरवून तेही काढलं आणि पुन्हा भरलं. अप्पा रात्री कीर्तनात बसत, पण मृदंगाची ती जागा आली की जीव खालीवर होई. आपल्या पेटीला जमेल का हे?

काल्याच्या दुसऱ्या सकाळी महाराजांना पोचवायला गाडी दारात आली. लालमहंमदची बायको नसीमबी ईटहून आली होती. तिनं मिठानं नवऱ्याची दृष्ट काढली आणि मग गाडीची. बसवराज मुद्दाम पुढं बसला, बघायला.

या वेळी चढ पलीकडून होता, तसाच उभा. लालमहंमदचं पाऊल हळूच खाली गेलं. आवाज चढला, चढला... आणि पेटीनं ओळखलं. एक हलका धक्का, तोही लोण्यात बोट बुडवल्यासारखा. गाडी चढ चढून माथ्यावर आली.

मागं कल्याणप्पांच्या तोंडून निघून गेलं, “वाऽऽ! समेवर आली हो!”

बसवराज लालमहंमदच्या पायाकडं बघत होता. तो म्हणाला, “चाचा, परत येताना मला शिकवा. डावा पाय बांधून ठिवतो.”

“बांध बाबा,” लालमहंमद म्हणाला, “काकूंचं कपाळ वाचंल. न्हाय का अप्पा? अप्पा!”

अप्पांचे डोळे मिटलेले, मान डोलत होती.