संथ वाजवणारी पोरं

हेहिरच्या पबमधला शेगडीजवळचा कोपरा डिंप्ना टाल्टीचा होता. दर रविवारी दुपारी ती तिथे कॉन्सर्टिना, तिचा तो भात्याचा छोटा बाजा, मांडीवर घेऊन बसायची. डावीकडे फिडलवाला टाइग, उजवीकडे बासरीवाला मायको. त्या रविवारी मात्र हेहिरने कोपऱ्यात एनिस शहरातून आलेली तीन वादक पोरं बसवली, टेबलं भिंतीला सरकवली आणि डिंप्नाला गिऱ्हाइकांचं बाकडं दाखवलं. "एकच रविवार," तो म्हणाला. एकदा हातची गेलेली जागा परत मिळत नसते, हे काय डिंप्नाला कळत नव्हतं?

पोरांनी रील, म्हणजे जलद नाचाची धून, सुरू केली.

"रील आहे का कुणाची मयत निघालीय?" ती टाइगच्या कानाशी म्हणाली. "दोन सुरांच्या मधे चहा पिऊन यावं माणसानं."

"हळू बोल. ऐकू जाईल त्यांना."

"जाऊ दे की. कान असते तर असं वाजवलं असतं?"

बासरीवाली पोरगी, ब्लॉनिद, पायाने ताल धरून दळण दळावं तशी वाजवत होती. डिंप्नाने नाक मुरडलं. तिची स्वतःची रील म्हणजे सुसाट. दूरदूरचे वादक ती ऐकायला येत आणि तोंडात बोटं घालत. नाचायला कुणी उठत नसे, हे खरं. पण त्यात तिला वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. जाणकार लोक ऐकायला येतात, गुडघे झिजवायला नाही, असं ती सांगायची.

या गावात नाचायला कुणी कुणाला बोलवत नाही. वाजवणं पायाला रुचलं की माणसं आपली उठतात. दुसऱ्या रीलला दोन जोड्या उठल्या, मग तिसरी. आणि मग ग्लास खाली ठेवून डिंप्नाचा नवरा सेनन उठला. खुब्याच्या दुखण्याने कितीतरी वर्षं खुर्चीला चिकटलेला सेनन मधोमध जाऊन उभा राहिला.

"आणखी एक बाई हवीय," कुणीतरी ओरडलं. चार जोड्या जमल्याशिवाय सेटचा नाच होत नाही. सगळे डिंप्नाकडे बघू लागले.

तिने हाताची घडी घातली. "असल्या वाजवण्यावर मी नाचायची नाही. आणि हा पडला ना, तर मला हाक मारू नका."

वाजवणं थांबलं. जमलेली माणसं आता पांगणार असं दिसू लागलं, तशी ब्लॉनिद बासरी ठेवून डिंप्नाजवळ आली.

"मिसेस टाल्टी, फार संथ वाजवतोय आम्ही, कळतं मला. तुमच्यासमोर तर लाजच वाटते. पण मिस्टर टाल्टी स्वतः एनिसला आले होते. एवढ्या संथ लयीवरच त्यांचा पाय उचलतो म्हणाले. हेहिरकाकांनाही त्यांनीच विचारलं, एक रविवार द्या म्हणून." ती जरा अडखळली. "तुम्हाला बोलले असतीलच ना ते?"

डिंप्नाने सेननकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे पाहत होता. कातडी तळाचे, नाचायचे बूट, पॉलिश करून चकचकीत केलेले. दर रविवारी तो हेच बूट घालून तिच्यासमोर येऊन बसायचा आणि तिला वाटायचं, चर्चसाठी घालतो.

"मला सांगायला काय झालं होतं तुला?" तिने विचारलं.

"सांगितलं होतं," सेनन म्हणाला. "एकदा. तू म्हणालीस, लंगड्यांसाठी वेगळी रील नसते."

ती तसं म्हणाली होती. चारचौघांत, हसत हसत. टाइग आणि मायकोही हसले होते. टाइग आता बिअरच्या ग्लासात डोकं घालून बसला होता.

डिंप्ना उठली. लग्नाआधीपासून ती कायम कोपऱ्यातच बसलेली. या फरशीवर ती कधी उभी राहिली नव्हती. सेननने हात पुढे केला. तो कसा धरायचा तेही तिला उमगेना. शेवटी तिने त्याचं मनगट पकडलं.

"वाजव गं," ती ब्लॉनिदला म्हणाली. "आणि घाई करू नकोस. मला नाचता येत नाही."