पिवळा मासा आणि बोंबलाचं कालवण

रूपलचा पिवळाजर्द मासा काचेच्या टाकीतून गायब झाला आणि तिचा संशय गेला थेट सासूवर.

दुसऱ्या कोणावर घ्यायचा म्हणता? बोईसरच्या त्या बंद फ्लॅटमध्ये माणसं तीन. नवरा ललित रात्रपाळीला. राहिली साखरबाई, जन्मभर दांडी गावची मासळी टोपलीतून विकलेली. गुडघे धरले म्हणून ललितने तिला कायमचं राहायला आणलेलं. आल्या आल्या टाकीपुढे उभी राहून म्हणाली, "दोन घासांचा पन नाय हा." झालं! ते वाक्य रूपलच्या डोक्यात रुतूनच बसलं.

मासा प्रवाळातला, भलताच लाडाचा. त्याच्यासाठी रूपल मोजूनमापून खारं पाणी तयार करायची. परवाच दुकानातून आणलेला, आणि आज सकाळी बघते तर टाकीत जुने दोन मासे, दगड आणि वाळू. झाकण जागच्या जागी. स्वयंपाकघरात मात्र कालवण रटरटत होतं. सासू अंघोळीला वळली तशी हिने डाव घेऊन पातेलं तळापर्यंत ढवळलं. सगळे बोंबीलच निघाले. पण संशय कुठला जातोय! ती जेवली नाही, वर ललितचे कान भरले. तो आईला विचारेना, बायकोला गप्प करेना. शेंदाड शिपाई कुठला! शेवटी साखरबाईनेच पिशवी भरली, रिक्षा बोलाव म्हणाली आणि गावी परत गेली.

पुढे दोन दिवस रूपल फणफणत होती. मग एका दुपारी ती जुन्या माशांना खाणं टाकत असताना वाळू हलली. आधी तोंड, मग डोळा, मग अख्खा पिवळा मासा अंग झटकत वर आला. तिने दुकानदाराला फोन लावला. तो आरामात म्हणाला की ही जात नवीन जागी बुजली की वाळूत पुरून घेते, दिवसचे दिवस दिसत नाही, सांगायचं राहिलं.

रूपलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने लगेच दांडीला फोन केला, मासा सापडल्याचं सांगितलं, माझं चुकलं म्हणाली, उद्या ललित न्यायला येईल म्हणाली.

"गावला ना? बरं झालं," साखरबाई म्हणाली. "पन बाय, तवा टॉवेल इसरला म्हनून मी मागारी आले होते. तू डाव घालून पातेलं ढवळत होतीस. आता तुझ्या चुलीवर माझा हात कसा चालंल, ते तूच सांग."