लांबलेलं दृश्य

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो, पण दाराखिडकीचा नव्हे, सिनेमाचा. नगरच्या कापडबाजारातला मांजरपाट, कारभारी शिंप्याने दोन पट्टे जोडून शिवलेला. मधली शिवण जरा वाकडी आली, त्यामुळे माझ्यावर आलेल्या प्रत्येक परदेशी नटाच्या नाकाला बाक यायचा. असो.

फिल्म सोसायटीवाले महिन्यातून एका रविवारी मला शाळेच्या हॉलमध्ये टांगायचे. पुण्याहून एसटीने रिळांची पेटी यायची. कधी परदेशी चित्रपट, कधी माहितीपट. सोसायटीचे चिटणीस आबासाहेब कॉलेजात शिकवायचे. सिनेमा संपला की सगळे आपापली मतं मांडायचे आणि आबासाहेब ती कागदावर उतरवून त्याच पेटीतून पुण्याला धाडायचे. उत्तर कधी येत नसे. नगरकरांचं मत कोणी ऐकत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

एका परदेशी चित्रपटात एक म्हातारा खिडकीशी नुसता बसून होता, पुढ्यातला चहा निवेपर्यंत. दिग्दर्शकाचा काय संयम आहे, असं सगळे म्हणाले. मला तर कंटाळा आला होता. पण मला कोण विचारतो?

त्र्याहत्तरच्या आषाढात दुष्काळी कामांवरचा एक माहितीपट आला. पाथर्डीकडचा तलाव, पाट्या वाहणाऱ्या बाया. त्यातली एक तरुण बाई पाटी खाली ठेवते, मान वर करून मनगटाने कपाळ पुसते आणि आपल्याकडे बघत राहते. बराच वेळ. मग थोडंसं हसते.

"हे दृश्य फारच लांबलंय," आबासाहेब म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कागद पेटीत गेला आणि पेटी एसटीत.

हॉल झाडणाऱ्या छबूबाई त्या दिवशी माझ्या मागे बसून बघत होत्या. मागून सगळं उलटं दिसतं, पण दिसतं. हॉल झाडून त्या घरी गेल्या. सकाळी त्यांनी आबासाहेबांना गाठलं.

"सायेब, ती पाटीवाली माझी लेक मनकर्णा हाय. चैतात कामावरच गेली, उलट्या-जुलाबानं. तिचा एक फोटू न्हाई आमच्याकडं. नातीला आईचं तोंड आठवत न्हाई. एकदा परत दावा."

आबासाहेबांचे डोळे भरून आले. "मागवतो, मावशी," ते म्हणाले आणि त्याच दिवशी पत्र टाकलं. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो.

दिवाळीनंतर पेटी आली. सोबत दिग्दर्शकाची चिठ्ठी होती, 'तुमच्या सूचना पटल्या. त्याप्रमाणे सुधारणा केल्या आहेत.' आबासाहेबांनी ती मोठ्याने वाचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत, नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या छबूबाईंनीही वाजवल्या.

तलाव आला. पाट्या आल्या. मनकर्णा पाटी ठेवायला वाकली आणि लगेच कुठल्याशा रस्त्याचं काम सुरू झालं. तिने मान वर केलीच नाही.

आबासाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांना कळलं होतं.

"आई कुठाय?" नातीने विचारलं.

"हिकडून न्हाई दिसत," छबूबाई म्हणाल्या. "म्या मागून बघितली हुती."

नातीला कडेवर घेऊन त्या माझ्या मागे आल्या आणि सिनेमा संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

कापलेल्या तुकड्यासाठी आबासाहेबांनी पुण्याला पत्र लिहिलं. तुकडे कचऱ्यात गेले, असं उत्तर आलं. ते उत्तर मात्र लगेच आलं. पुढे सोसायटी बंद पडली. आता मी त्याच हॉलच्या कोपऱ्यात मोडक्या बाकांवर पांघरलेला असतो. कसर लागली आहे.

मित्रांनो, मत जरूर द्या. पण ज्याच्याविषयी देता, त्याचं कोणी मागे बसलंय का, एवढं आधी वळून बघा. तुम्ही बघाल असं मला फारसं वाटत नाही. मी तरी काय केलं? ते तोंड एकदा माझ्यावर होतं, आणि मला ते धरून ठेवता आलं नाही.

छबूबाई अजून झाडायला येतात. जाताना माझं टोक उचलतात आणि मागची बाजू बघतात.