विरोधी मत: एक

सत्यभामानं प्रोसिडिंगची वही मांडीवर उघडली, पेन झटकलं आणि तारखेखाली लिहिलं: हजर सभासद एकेचाळीस. मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात माणसं दाटीनं बसली होती. पाणीपुरवठा सोसायटीचे सेक्रेटरी मोहनराव तापानं अंथरुणाला खिळले होते, म्हणून चेअरमननं, म्हणजे तिच्या वडिलांनी, अर्जुनरावांनी, वही तिच्याकडे दिली होती.

"नगरला तेच शिकती ना तू," अर्जुनराव सकाळी म्हणाले होते. "मग एका सभेचं लिहायला काय लागतंय?"

नगरच्या मिशनच्या कॉलेजात ती राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. परीक्षेआधीच्या सुट्टीत चकलांब्याजवळच्या आपल्या गावी आली, तेव्हा एसटीच्या खिडकीतून तिला गेवराईपर्यंत हिरवं असं काही दिसलं नव्हतं. कॉलेजातले उजागरे सर संसदेचं कामकाज शिकवताना सांगत, की टिपण घेणाऱ्यानं जे झालं तेच लिहावं. काय व्हायला हवं होतं ते सांगायला इतर पुष्कळ असतात. मागच्या चाचणीत 'अल्पमताचे हक्क' या प्रश्नावर तिनं चार पानं लिहिली होती. वीसपैकी चौदा गुण पडले होते. वर्गात तेवढे कुणालाच नव्हते.

ठराव एकच होता. नदीकाठच्या सोसायटीच्या विहिरीतून दिवाळीपासून रोज सकाळी दोन तास खालच्या आळीला प्यायला पाणी सुटत होतं. ते आता बंद करायचं आणि विहिरीत उरेल तेवढं पाणी सभासदांच्या मोसंबीला द्यायचं.

अर्जुनराव उभे राहिले. त्यांचा आवाज कधीच चढत नसे.

"झाडं सात वर्षांची हायती. एकदा वाळली तर परत सात वर्षं. माणसाला सरकारचा टँकर हाय, झाडाला कोण हाय? ज्याला मंजूर त्यानं हात वर करावा."

हात वर झाले. सगळ्याच सभांत होत तसे, एकदम आणि अर्धेच, कोपरापर्यंत. सत्यभामानं लिहायला घेतलं: ठराव सर्वानुमते...

"विरोधात कोणी?" अर्जुनरावांनी रिवाजाप्रमाणे विचारलं आणि ते खाली बसू लागले.

मंडपाच्या कडेला, खांबाला टेकून, एक हात वर गेला. तो मात्र पुरता ताठ होता.

खालच्या आळीतली चंद्रभागाबाई होती. तिचा नवरा आश्रुबा दोन वर्षांपूर्वी गेला आणि त्याचा एकरभर तुकडा, त्यासोबत सोसायटीचा शेअर तिच्या नावावर झाला. दरसाल ती ऊसतोडीला जायची. यंदा ऊसच नव्हता. कारखाना लवकर बंद पडला आणि ती महिन्याभरापूर्वी परतली होती. सभेला ती आजवर कधी आली नव्हती. एकेचाळिसांत बाई ती एकटीच.

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

"बोलायचं हाय का काही?" अर्जुनरावांनी विचारलं.

"न्हाई. मत हाय."

"कावून विरोध, ते तरी सांगशील?"

"टँकर किती दिसांनी येतो, ते तुमाला समद्यांना ठावं हाय."

पुढं बसलेला पंडित तिच्याकडे वळला. त्याचं शेत तिच्या बांधाला बांध लागून होतं.

"आगं, तुजी बी चाळीस झाडं हायती. आश्रुबानं लावलेली. ती बी जातील."

"जातील," चंद्रभागाबाई म्हणाली.

तिनं हात खाली घेतला नाही. पदर सरकून दंड उघडा पडला होता. उसाच्या पानांनी कापल्याचे बारीक पांढरे वण मनगटापासून कोपरापर्यंत दिसत होते. देवळामागं शेळी कुंपणाची काटकी चावत होती.

"झालं, मोजलं तुजं मत," अर्जुनराव म्हणाले. "हात घे खाली."

चंद्रभागाबाईनं सत्यभामाकडे पाहिलं.

"लिवलं का, ताई?"

सत्यभामाचं पेन 'सर्वानुमते'वर थांबलेलं होतं. चाचणीत चार पानं सहज लिहून झाली होती. आता एक ओळ लिहायची होती आणि चंद्रभागाबाईचा हात तिच्यासाठी अजून वर थांबला होता.

"न्हाई अजून," ती म्हणाली, आणि वडिलांकडे वळली. "आप्पा, सर्वानुमते लिहिता येत न्हाई. बहुमतानं झालाय."

अर्जुनरावांनी मुलीकडे पाहिलं. इतक्या माणसांत तिनं त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं.

"लिही मग," ते म्हणाले.

तिनं शब्द खोडला. वर 'बहुमताने' लिहिलं. खाली लिहिलं: विरोधी मत एक, श्रीमती चंद्रभागाबाई आश्रुबा. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. लिहिलेलं तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. तेव्हा तो हात खाली आला, आणि चंद्रभागाबाईनं दुसऱ्या हातानं खांदा हळूहळू चोळला.

सभासद उठले. सहीसाठी ओळ लागली. कुणी सही करी, कुणी अंगठा उमटवी. मागचे काही जण मंडपाबाहेर पायांत चपला सरकवत होते. म्हातारे शहादेव पुढं आले. गावातली पहिली मोसंबी त्यांनी लावली होती. शाईच्या डबीवर अंगठा टेकवून ते थांबले.

"पोरी, इरोधात नाव एकच हाय का?"

"एकच."

शहादेवांनी अंगठा धोतराला पुसला. तो वहीवर काही त्यांनी टेकवला नाही.

"मगाशी हात वर केला मी. समद्यांनी केला म्हणून केला." ते सत्यभामाशी बोलत होते, पण पाहत होते अर्जुनरावांकडे. "आता फिरवता येतं का ते?"

असा प्रश्न कुठल्या पुस्तकात आला असेल तर तो सत्यभामाला आठवेना. तिनं वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या हातात टोपी होती. घरी जायला निघताना ते ती नेहमी झटकत. पंडित आपल्या पायांकडे बघत होता. अर्जुनरावांची नजर मंडपाबाहेर, नदीच्या अंगाला गेली. तिथून त्यांच्या दोनशे झाडांचे शेंडे दिसत.

मग त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि आपल्या जागी परत जाऊन बसले.

"सभा उठली असं मी अजून म्हणलेलं न्हाई," ते म्हणाले.

सत्यभामानं वहीचं नवं पान काढलं. बाहेर उभी असलेली माणसं एकेक करून चपला काढू लागली आणि आत येऊन बसली.